अर्ध्या रस्त्यातले देवरे सर

देवरे सर शेअर रिक्षात चढले की आधी बसलेल्यांना हलवतात. जळगावात पिंप्राळ्याहून निघणारी रिक्षा, मागच्या सीटवर तिघं, आणि सरांना मधलीच जागा हवी. "जरा सरकता का? मला मधे घ्या." मधे चेंगरून बसायची हौस जगात कुणालाच नसते, त्यामुळे लोक खुशीने सरकतात. पण सरांचं तेवढ्यावर भागत नाही. बसल्यावर ते डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात, आणि एक माणूस जाड नि दुसरा बारीक निघाला तर त्यांचा चेहरा उतरतो. एकदा त्यांच्या डावीकडे मी होते आणि उजवीकडे अकरावीतली एक काडीपैलवान मुलगी. सरांनी माझ्याकडे बघून असा सुस्कारा सोडला की पुढे आठवडाभर मी पायी कॉलेजला गेले. तब्येतीसाठी नव्हे, रागाने.

मी मराठी शिकवते, ते गणित. ज्युनिअर कॉलेज एक, गल्लीही एकच. वीसेक वर्षं मी हा माणूस सकाळ-संध्याकाळ बघते आहे. सर तसे साधे. पांढरा शर्ट, खिशाच्या बरोबर मध्यावर पेन. माझा स्वभाव फटकळ, म्हणून मी एकदा विचारलंच, "सर, खिसा तर डावीकडेच आहे, मग तोही छातीच्या मधोमध का नाही शिवून घेत?" तर म्हणाले, "शिंपी ऐकत नाही हो." म्हणजे सांगून बघितलं होतं!

पोरं त्यांना 'वजाबी' म्हणतात. त्याला कारण आहे. वर्गसमीकरणाचा आलेख काढला की तो वाटीसारखा गोलसर येतो, त्याला सर अन्वस्त म्हणतात, आणि त्या वाटीला बरोबर दोन सारख्या भागांत कापणारी उभी रेघ म्हणजे सममितीचा अक्ष. तो कुठे आहे ते काढायचं सूत्र आहे, वजा बी भागिले दोन ए. त्यातला वजा पोरं हटकून विसरतात. मग सरांचा घसा बसेपर्यंत ओरडा, "अरे, वजा! वजा बी! वजा विसरलास की तू दुसऱ्याच गल्लीत जाऊन दुसऱ्याच्याच घराची बेल वाजवतोस!" आमच्या वर्गापर्यंत आवाज यायचा. मी अलंकार शिकवत असायचे नि भिंतीपलीकडून वजा बी, वजा बी.

"आधी अक्ष शोधा, मग बाकीचं बघू," हे त्यांचं घोषवाक्य. प्राचार्यांनी मीटिंगमध्ये परीक्षेचा गोंधळ मांडला, सर म्हणाले आधी अक्ष शोधा. कॉलेजची पाण्याची टाकी फुटली, शिपाई बादल्या घेऊन धावतोय, सर जिन्यात उभे, "थांबा, आधी..." शिपायाने जे उत्तर दिलं ते मी मराठीची शिक्षिका असून लिहू शकत नाही.

एकदा स्टाफरूममध्ये पेपर तपासून माझं डोकं उठलं होतं, आणि हे समोर येऊन बसले. "मॅडम, एक गंमत दाखवू? सूत्र नको, काही नको. एक्सचा वर्ग, वजा सहा एक्स, अधिक पाच. एक्सच्या जागी शून्य घाला."

"पाच," मी म्हटलं. सुटका व्हावी म्हणून.

"आता सहा घाला."

छत्तीस वजा छत्तीस, अधिक पाच. परत पाचच आले.

"उंची सारखी आली! आता एक घाला आणि पाच घाला." दोन्हींचं उत्तर शून्य. "दोन आणि चार?" दोन्हींचं वजा तीन. सरांचे डोळे असे चमकत होते की मला उठवेना. "आता सांगा, शून्य आणि सहाच्या बरोबर मधे कोण? एक आणि पाचच्या मधे कोण? दोन आणि चारच्या?"

"तीन," मी म्हटलं. सगळीकडे तीनच.

"तो अक्ष. दोन सारख्या उंचीचे बिंदू धरा, मधोमध उभे राहा, झालं. आणि एक बाजू काढलीत की दुसरी फुकट मिळते, मॅडम. अशी फुकट मिळणारी गोष्ट जगात दुसरी नाही."

खरं सांगते, गणितातलं आयुष्यात मला एवढं एकच नीट कळलं आहे, आणि ते या माणसामुळे.

बाकी त्यांचा जाच काय कमी होता? बाजारात केळी घ्यायला गेले की एकेक केळं डोळ्यांसमोर आडवं धरून बघणार. केळीवाली आजी वैतागून म्हणायची, "मास्तर, खायचं आहे का लग्न लावायचं आहे?" लग्नावरून आठवलं. सरांनी लग्न केलं नाही. तरुणपणी एक मुलगी बघायला गेले होते, तिने वेणी एका खांद्यावरून पुढे घेतलेली. सरांनी पोहे खाता खाता फार अदबीने सुचवलं की दोन वेण्या घातल्या तर बरं. त्या घरातून जे उठले ते परत कुठे गेलेच नाहीत. फिजिक्सच्या सरांनी एकदा सांगितलं की वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी मधे लोंबते, तो बाक अन्वस्ताचा नसतो, वेगळाच असतो. सरांनी ते घरी जाऊन पडताळलं, खरं निघालं, आणि मग कितीतरी दिवस ते फिजिक्सच्या सरांशी बोलले नाहीत.

अलीकडे ते गप्प होत चालले होते. पोरं मोबाइलमध्ये समीकरण टाकतात, आलेख काढून मिळतो, अक्षाची रेघसुद्धा आपोआप उमटते. क्लासवाले सूत्र पाठ करून घेतात. सर फळ्यावर जोड्या लावत राहतात नि मागच्या बाकांवर पोरं झोपतात. "मी निवृत्त झालो की हे प्रकरण बहुतेक कुणी शिकवणारच नाही," ते एकदा म्हणाले. मी काहीतरी थातुरमातुर बोलले. त्यांच्या घरी चहाला गेलं की फार उदास वाटायचं. दोन खोल्या, एक कॉट, एक स्टोव्ह, आणि भिंतीच्या मधोमध त्यांच्या आईचा फोटो. ती गेली त्याला बरीच वर्षं झाली. त्या विषयावर सर कधी बोलायचे नाहीत, आणि मी फटकळ असले तरी तिथे मात्र विचारलं नाही.

फक्त श्रावणात कानबाई आली की सर रजा टाकायचे. "गावी जातो," म्हणायचे. साक्रीच्या पुढे त्यांचं गाव, मोठे भाऊ नाना तिथे शेती करतात, एवढं मला माहीत होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कानबाई हा आमचा खानदेशातला श्रावणाचा सण. त्यात रोट करतात. घरात जितके पुरुष, तितक्या जणांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, ते दळायचे, त्याचे जाड रोट करायचे, आणि भाऊबंदांनी एकत्र बसून खिरीबरोबर खायचे. हा रोट घराबाहेर जात नाही. परक्याला द्यायचा नाही, टाकायचा नाही, आणि उरला तर पुनवेच्या आत घरातल्यांनीच संपवायचा. माझं माहेर साक्रीचं, पण लग्न झालेल्या मुलीलासुद्धा आमच्याकडे माहेरचा रोट चालत नाही. मी दरवर्षी जाते, दर्शन घेते, खीर खाते, नि रोटाकडे नुसती बघते. असो.

गेल्या श्रावणात मी एसटीने साक्रीला निघाले. पारोळा सोडून थोडं पुढे गेलो नि गाडीचं चाक बसलं. ड्रायव्हर म्हणाला वेळ लागेल, म्हणून आम्ही सगळे समोरच्या ढाब्यावर चहाला गेलो. पत्र्याची शेड, दोन-चार बाकं. आणि एका बाकावर बरोबर मधोमध देवरे सर. मांडीवर पिशवी.

"अगं बाई! सर? तुमचीही गाडी बंद पडली?"

त्यांचा चेहरा इतका कसनुसा झाला की मीच ओशाळले. ढाबेवाला मात्र मोठ्याने म्हणाला, "त्यांची कसली गाडी, ताई! मास्तर दर कानबाईला इथेच येतात. सकाळी येतात, दिवसभर बसतात, संध्याकाळच्या गाडीने जळगावला परत."

मी त्यांच्या शेजारी बसले. शेवटी सरच बोलायला लागले, पत्र्याकडे बघत.

वडील गेल्यावर माय कुणाकडे राहणार, यावरून दोघा भावांत ओढाताण झाली. दोघांनाही ती हवी होती, हेच तर दुखणं. नाना म्हणे, तू एकटा जीव, मायला रांधायला लावशील. हे म्हणत, तुझ्या घरी माणसांची गर्दी, तिला विसावा नाही. मग सरांनी तोडगा काढला. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. आणि न्यायला-आणायला कुणी कुणाच्या दारात जायचं, यावरूनही रुसवे नकोत, म्हणून जळगाव आणि गाव यांच्या बरोबर मधे येऊन मायला एकमेकांच्या हवाली करायचं. सरांनी अंतर मोजून काढलं होतं. मध्य आला तो हा ढाबा.

"आणि आईंना काय वाटलं?" मी विचारलं.

"ती काय म्हणणार? म्हणाली, तुम्ही ठेवशात तठे ऱ्हासू." ठेवाल तिथे राहीन, एवढंच तिचं म्हणणं. "दोन-तीन वर्षं चाललं तसं. मग एकदा ऐन मे महिन्यात अदलाबदल होती. मी तिला घेऊन वेळेवर आलो. नानाची जीप धुळ्यात बंद पडली. त्याचा फोन आला की तूच तिला घेऊन धुळ्यापर्यंत ये, ऊन फार आहे."

"मग?"

"मी म्हटलं, माझा अर्धा रस्ता झाला. ठरलं ते ठरलं." सरांनी पिशवीचे बंद मुठीत धरले. "या शेडखाली दुपारभर बसवली तिला. पत्रा तापलेला. दोनदा म्हणाली, चाल ना पुढे, धुळं काय लांब आहे. मी तिला समजावत बसलो, मॅडम. मी तिला समजावत होतो की आपण मध्यावर आहोत."

नाना जीप दुरुस्त करून आले तेव्हा तिला ताप भरला होता. उन्हाने घेतलं होतं ते घेतलंच. त्यातून ती उठली नाही. गावी, नानांच्या घरीच तिने प्राण सोडला. तेराव्याला नाना सगळ्यांदेखत म्हणाले, "माय काय केळीना घड शे का, अर्धा रस्तामा उतारी द्याले?" त्यानंतर दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. कानबाईचं बोलावणं आलं नाही, आणि बोलावण्याशिवाय जायचं तोंड सरांना नव्हतं.

"वक्र अक्षाला एकाच बिंदूत भेटतो," सर म्हणाले. "बाकी सगळा वक्र इकडे असतो, नाहीतर तिकडे. त्या रेघेवर राहत कुणीच नाही. मी पोरांना दरवर्षी शिकवतो हे. आणि मायला नेऊन तिथेच बसवली."

मला त्यांचा रागही आला नि कीवही आली. मी म्हटलं, "मग इथे बसून काय मिळतं? सरळ गावी का जात नाही?"

"माझा अर्धा मी येतो," ते म्हणाले. मग स्वतःलाच ते बोलणं आवडलं नसावं, कारण लगेच मान खाली घातली. समोर आमच्या गाडीचं चाक बसवून झालं होतं, कंडक्टर हाका मारत होता. मी उठले तशी सरांनी माझ्या पिशवीला हात लावला. "मॅडम, तुम्ही साक्रीला चाललाच आहात. एवढं विचाराल? रोटाचे गहू घेताना माझ्या नावाची मूठ घालतात का, एवढंच. नसतील घालत तर काही म्हणू नका. मलाही सांगू नका, मी समजेन."

साठीला आलेला माणूस, आणि त्याला एवढंच कळायला हवं होतं की आपल्या घरात आपण अजून मोजले जातो की नाही. गाडी धुळ्यात शिरेपर्यंत मी पदराने डोळे पुसत होते. शेजारची बाई म्हणाली, खिडकी लावा, धूळ जाते आहे.

सोमवारी विसर्जन झाल्यावर माझ्या भावाच्या मोटरसायकलवर मी त्यांच्या गावी गेले. घर शोधायला त्रास पडला नाही, देवरे मास्तरांचे भाऊ म्हटल्यावर कुणीही दाखवलं. नाना ओट्यावर जेवायला बसले होते. सरांचंच नाक, सरांचेच कान, फक्त रापलेले. ताटात खीर नि जाड रोट. माणूस जेवत होता, पण सक्तीने औषध घ्यावं तसा.

मी ओळख सांगितली. "त्यांच्या कॉलेजात आहे" म्हटल्याबरोबर नानांचा घास हातातच राहिला. वहिनी दारात आल्या. मी जास्त आढेवेढे घेतले नाहीत, मला ते जमतही नाही. सरळ विचारलं, "नाना, सरांच्या नावाची मूठ घालता का?"

बोलल्या त्या वहिनी. "दर साल टाकतस ना! न टाकून कसं चालेल? घरना माणूस शे तो." आणि मग कौतुकही नाही नि तक्रारही नाही अशा आवाजात म्हणाल्या, "त्यांचा वाटा उरतो. पोरं म्हणतात आम्ही खातो, तर हे कुणाला हात लावू देत नाहीत. पुनवेपर्यंत एकटेच बसून खातात."

"तू आत जाय," नाना म्हणाले. त्या गेल्या. नानांनी तो घास खाल्ला, पाणी प्यायले, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मूठ टाकतस एवढं सांगा. पण त्याना वाटा मी खास, हाई त्याले सांगू नका."

"का हो नाना? त्यांचा वाटा तुम्ही खाता, हे का नाही सांगायचं?"

"त्याले वाटी, मी राग सोडा." आपण राग सोडला असं धाकट्याला वाटेल, हीच त्यांना धास्ती. नाना ताटाकडे बघत होते. "राग शेच मना. मन्ही माय गयी ना."

मी शब्द दिला. निघताना वहिनींनी माझी ओटी भरली. नाना ओट्यावरून उठले नाहीत, पण वळणापर्यंत मला दिसत होतं की ते आमच्याकडेच बघत आहेत.

मंगळवारी कॉलेजात गेले. मधल्या सुटीत स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. सर चहाचा कप पुढ्यात घेऊन नुसते बसले होते. मी म्हटलं, "घालतात. दरवर्षी घालतात. वहिनी म्हणाल्या, घरचा माणूस आहे."

सरांनी कप खाली ठेवला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला, परत काढला. तोंड हसत होतं नि डोळ्यांना धार. "दरवर्षी?" म्हणाले. मी म्हटलं, "दरवर्षी." मग त्यांनी एका घोटात सगळा चहा पिऊन टाकला. मला वाटलं, चला, एवढं तरी झालं.

मी पेपर पुढे ओढले. दोन-तीन पेपर तपासले असतील नसतील, सर बोलले. "मॅडम, मग तो रोट कोण खातं?"

मी मान वर केली नाही.

"माझ्या नावाचा रोट. बाहेर देता येत नाही, टाकता येत नाही. मी तर नसतो. मग इतकी वर्षं..."

मी शब्द दिला होता. म्हणून एका पोराच्या शुद्धलेखनावर लाल रेघ मारत बसले. ती रेघ त्या पोराची चूक नसताना मारली, हे मला नंतर कळलं. सरांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि ते उठले. वीस वर्षांत या माणसाच्या तोंडून कॉलेजात गावची बोली मी कधी ऐकली नव्हती. फळ्यासमोर नाही, भांडणात नाही, परवा ढाब्यावरही मायचे नि नानांचे शब्द सोडून नाही.

"नानाले शुगर शे, मॅडम."

एवढंच म्हणाले आणि पिशवी उचलली. मी म्हटलं, "सर, तुमचे अजून दोन तास बाकी आहेत." ते दारातून म्हणाले, "पुनवेला दोनच दिवस आहेत. माझा वाटा सगळा एकटाच खाईल तो."

मी खिडकीशी गेले. फाटकाबाहेर सर एका रिक्षावाल्याशी हातवारे करून बोलत होते, एसटी स्टँडला चल, लवकर चल. रिक्षात आधीच दोघं होते. सर मिळाली ती कडेची जागा धरून बसले, एक पाय बाहेरच राहिला, आणि रिक्षा निघाली.